सुक्या जवळ्याचा अरोमा

हेतलने डब्याचं झाकण उघडलं आणि समोरच्या माणसाने डोळे मिटले.

बरं, मिटले तर मिटले. महापेच्या त्या काचेच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या पॅन्ट्रीत तिचा डबा उघडला की कोणी नाक दाबायचं, कोणी खुर्ची मागे सरकवायचं. तिला त्याची सवय होती. तिचं उत्तरही ठरलेलं होतं. झाकण पूर्ण उघडायचं आणि आणखी सावकाश जेवायचं. पण या उंच, सावळ्या, कडक इस्त्रीच्या शर्टातल्या माणसाने नाक दाबलं नव्हतं. कॅन्टीनच्या राजम्याची ताटली हातात धरून तो मायक्रोवेव्हसमोर उभा होता आणि डोळे मिटून त्याने चक्क एक खोल श्वास आत ओढला होता.

"झालं का घेऊन?" हेतलने विचारलं.

तो दचकला. राजमा ताटलीच्या कडेपर्यंत आला.

"नाही, म्हणजे... अरोमा छान आहे."

"काय छान आहे?"

"अरोमा."

"सुक्या जवळ्याची चटणी आहे ती. तिला वास असतो. तुमच्या इंग्रजीत स्मेल."

"स्मेल नुसता असतो हो. बराही, वाईटही," तो अगदी मनापासून समजावू लागला. "कॉफीला, ताज्या पावाला अरोमा म्हणतात. फुलांना फ्रेग्रन्स. गटाराला ओडर. आणि ज्याच्यापुढे उभंच राहवत नाही, तो स्टिंक."

हेतलच्या हातातला घास तिथंच थांबला. शब्दांना असं कपाटात घडी घालून ठेवणारा माणूस तिला चांगलाच ठाऊक होता. गेले चार महिने ती त्याच्याशी भांडत होती. फक्त त्याचं तोंड पाहिलं नव्हतं.

"तुम्ही झिरो सेव्हन?"

आता त्याचे डोळे मोठे झाले. "एकतीस नंबर?"

तर त्याचं असं होतं. इंग्लंडमधल्या काही हॉटेलांच्या पाहुण्यांची तक्रारपत्रं या कंपनीत यायची. हेतलसारखे चाळीस जण त्यांना उत्तरं लिहायचे आणि प्रत्येक उत्तर बाहेर पडण्याआधी भाषा तपासणाऱ्यांकडे जायचं. लिहिणाऱ्याचं नाव तपासणाऱ्याला कळायचं नाही, तपासणाऱ्याचं लिहिणाऱ्याला. दोघांना दिसायचे ते नंबर. तपासणाऱ्याचा नंबर कागदाच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, मुंगीएवढा. तो पडला की भाषेचा निकाल लागला, मग मॅनेजरनेसुद्धा शब्दाला हात लावायचा नाही. आणि नंबर नसेल तर साधं वाढदिवसाचं कार्डही या ऑफिसात भिंतीवर लागत नसे. विलायती गिऱ्हाइकाने घालून दिलेला नियम होता, आणि कंपनी तो सोवळ्यासारखा पाळायची.

या झिरो सेव्हनने तिला छळ छळ छळलं होतं. तिने लिहिलं होतं, आमच्या खोल्या चीप आहेत. त्याने समासात लिहिलं, 'चीप म्हटलं की किंमत नाही, अब्रू कमी होते.' तिने एका बाईंची दुबळी प्रकृती सांगताना स्किनी लिहिलं, तर याचं, 'स्लिम म्हटलं की बाई खूश, थिन म्हटलं की काळजीत, स्किनी म्हटलं की हॉटेल बदलतील.' ती चिडायची आणि खाली काहीतरी खरमरीत लिहून पाठवायची. एकदा मात्र भांडण झालं नव्हतं. नवरा गेल्यावर पहिल्यांदाच फिरायला निघालेल्या एका म्हातारीला तिने अलोन म्हटलं होतं. त्याची टीप आली, 'अलोन म्हणजे एकटं असणं. लोनली म्हणजे एकटं वाटणं. या बाईंना दुसरं झालंय.'

त्या दिवशी हेतलने ते पत्र पुन्हा पहिल्यापासून लिहिलं होतं.

"बसा," ती आता म्हणाली आणि तांदळाची अर्धी भाकरी त्याच्यापुढे सरकवली. "अरोमाने पोट भरत नाही."

त्याने भाकरीचा तुकडा मोडला. मधोमध नाही, कडेने, बोटांच्या टोकांनी, पापुद्रा न फाटू देता. चटणीवर अलगद दाबला. राजम्याच्या ताटलीवाल्या माणसाला हे जमत नाही. ते लहानपणापासून जमावं लागतं.

"गाव कुठलं तुमचं?"

"सानपाडा. सोसायटीत राहतो." भलत्याच घाईने बोलला तो. "तेजस. तेजस एम."

एम म्हणजे काय ते त्याने सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही... त्या दिवशी तरी.

मग रोजचंच झालं. दीड वाजता पॅन्ट्री, खिडकीजवळचं टेबल, तिची भाकरी, त्याचे शब्द. चार दिवसांत तुम्हीचं तू झालं.

"इंग्रज गमतीदार जात आहे," तो म्हणायचा. "स्लिम म्हणजे बारीक, फॅट म्हणजे जाड. पण स्लिम चान्स म्हटलं काय नि फॅट चान्स म्हटलं काय, अर्थ एकच. विसरा!"

"काहीच फरक नाही?"

"आहे ना. स्लिम चान्स म्हणणाऱ्याला थोडं वाईट वाटत असतं. फॅट चान्स म्हणणारा हसत असतो."

"मग रविवारी पाम बीचला फिरायला येतेस का, असं मला कोणी विचारलं तर मी कुठला म्हणू?"

"कोणी... विचारलंय?"

"अजून नाही." ती डब्याकडे बघत म्हणाली. "लोकांना शब्द तपासण्यातून वेळ मिळेल तेव्हा ना."

त्याच्या हातातलं पाणी शर्टावर सांडलं. इस्त्री गेली कामातून. हेतल इतकी हसली, की शेजारच्या टेबलावरचा वरद, तोही तपासणाऱ्यांपैकीच, हेडफोन काढून बघू लागला. पाम बीचला ते गेलेच.

आणखी एक दिवस तो म्हणाला, "शीप चरतं तोवर शीप, ताटात आलं की मटन. पिग ताटात आला की पोर्क. जेवताना जनावराची आठवण नको म्हणून दुसरं नाव. फिश मात्र पाण्यातही फिश नि ताटातही फिश."

"त्याला लाजायचं कारणच काय?" हेतल म्हणाली.

तेजसने हातातला भाकरीचा तुकडा न खाताच खाली ठेवला. तेव्हाच तिने ओळखायला हवं होतं.

सोमवारी पॅन्ट्रीच्या भिंतीवर नोटीस लागली.

इंग्रजी गुळगुळीत होतं. सहकाऱ्यांच्या सोयीसाठी, ऑफेन्सिव्ह ओडर असलेलं अन्न, विशेषतः मासळी, कृपया या जागेत आणू नये. हेतलने ती एकदा वाचली, दोनदा वाचली. मग सवयीने तिची नजर उजव्या कोपऱ्यात खाली गेली. मुंगीएवढा नंबर होता. झिरो सेव्हन.

तेजस तिला जिन्यात सापडला.

"तू लिहिलंस?"

"मी फक्त तपासलं, हेतल. आधी स्टिंकिंग फिश असं होतं. मी... मी ते सौम्य केलं."

"सौम्य? दगड रुमालात बांधून मारलास म्हणून तो लागत नाही का?"

"नाहीतर एचआरने तसंच लावलं असतं."

"लावू दे ना! निदान सगळ्यांना दिसलं असतं काय लिहिलंय ते. तूच सांगितलंस मला, ओडर गटाराला म्हणतात. त्या विलायती हॉटेलांचं चीज महिनोन्महिने आंबवतात, निळी बुरशी येते त्याला, आणि मेन्यूत आपण काय लिहितो? रिच अरोमा! परवाच तपासलंस तू ते. आणि माझी आई जवळा उन्हात वाळवते, तीन वेळा निवडते, मंद आचेवर भाजते, त्याला ओडर?"

तो कठड्याला टेकला. हळूच म्हणाला, "एम म्हणजे म्हात्रे."

"काय?"

"आगरी आहे मी. सानपाडा गावातला. बाबांची, कमळाकर म्हात्र्यांची शेती होती. आज जिथं सोसायट्या आहेत तिथं. कॉलेजात मी 'पानी' म्हटलं की अख्खा वर्ग हसायचा. म्हणून मराठीत बोलणंच सोडलं नि इंग्रजी घोटलं. इथं कोणाला ठाऊक नाही. आय रोज डबा भरून देते, मी तो वाटेत वॉचमनला देतो नि राजमा खातो."

हेतलला त्याची दया आली आणि रागही आला. राग मोठा होता.

"माझी आई मासळी विकते," ती म्हणाली. "गिऱ्हाइकाने विचारायच्या आधी माशाचा कल्ला उघडून दाखवते. आत लाल आहे बघ, म्हणते. जी दाखवत नाही तिच्याकडे शिळा माल असतो, हे मार्केटात पोरालासुद्धा कळतं. तू इतके दिवस माझ्या समोर बसलास, माझी भाकरी खाल्लीस. आणि कल्ला बंद ठेवलास, तेजस."

ती खाली उतरून गेली.

मंगळवारी तिने डबा नेला, झाकण पूर्ण उघडलं. बुधवारी पुन्हा. बुधवारी संध्याकाळी एचआरच्या सोनल मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि एक कागद पुढे केला.

"शुक्रवारी तुझे सहा महिने पूर्ण होतात हेतल. काम उत्तम आहे तुझं. पर्मनंटचं लेटर तयार आहे माझ्याकडे. फक्त एवढं माफीपत्र लिहून दे, पुन्हा होणार नाही असं. दोन ओळी. टेन्शन नको घेऊस."

"आणि नाही दिलं तर?"

"तर मग मला लेटर देता येणार नाही," सोनल मॅडम म्हणाल्या. त्या दुष्ट नव्हत्या. त्यांना शुक्रवारपर्यंत फाइल बंद करायची होती, इतकंच.

गुरुवारी सुट्टी घेऊन हेतल नेरूळच्या मार्केटात आईजवळ जाऊन बसली. काशी पाटावर बसून बोय साफ करत होती. सारसोळ्याच्या खाडीतली सकाळची मासळी, अजून चमकत होती. काशीचे गुडघे आता तिला पाटावरून उठू देत नसत. उठताना हेतलने हात द्यायचा, हे ठरलेलं होतं. लेकीची नोकरी पक्की झाली की पाट सोडायचा, हेही ठरलेलं होतं.

हेतलने सगळं सांगितलं. काशीचा कोयता थांबला नाही.

"सई कर नी मोकली हो," ती म्हणाली. "भाजी नेत जा उद्यापासून. भाजीनं काय मरत नाय कोन."

"आई!"

"माज्यापायी नोकरी घालवू नको, पोरी. लोकांला वास येतो तर येतो. मना काय त्याचं?"

असं म्हणून तिने हाताची पाठ नाकाशी नेऊन हलकेच हुंगली. मग पदराला पुसली. एका गिऱ्हाइकाच्या इस्त्रीच्या साडीला लागू नये म्हणून तो हात तिने मांडीखाली ओढून घेतला. हेतलने ते पाहिलं. आयुष्यभर ही बाई ताठ मानेने बसलेली तिने पाहिली होती. या हातांनी तिची फी भरली, याच हातांनी इंग्रजीची पहिली वही आणून दिली. आज हा हात लपला. का? तर पोरीच्या ऑफिसात एक कागद लागला म्हणून!

"तुझ्यापायी नोकरी जाणार नाही, तुझ्यापायी ती मिळाली," ती म्हणाली. तिचा आवाज इतका चढला, की शेजारच्या पाटावरची पुतळाबाई वळून बघू लागली. "सही नाही करणार मी. काय व्हायचं ते होऊ दे."

शुक्रवारी सकाळी तिने पत्र लिहिलं. इंग्रजीत, झिरो सेव्हनने शिकवलेल्या काटेकोर इंग्रजीत. मराठीत सांगायचं तर ते असं होतं : 'आपल्या ऑफिसात ओडर हा शब्द गटारासाठी आणि ओल्या गालिच्यासाठी वापरतात. माझ्या आईचा स्वयंपाक यांपैकी काही नाही. त्याबद्दल मला वाईट वाटत नाही, म्हणून मी वाटतं असं लिहिणार नाही. मी डबा आणत राहीन. जेवल्यावर टेबल आणि मायक्रोवेव्ह पुसते, तेही पुसत राहीन.'

एक सॉरी नाही, एक काइंडली नाही. तिने ते पाठवून दिलं. आणि मग तिच्या लक्षात आलं की नियमाप्रमाणे हेही पत्र, फाइलला लागण्याआधी, भाषा तपासायला जाणार. आणि ऑफिसातली अंतर्गत पत्रं तपासायचं काम कोणाकडे होतं? त्याच्याचकडे. तो हे सौम्य करणार! तिच्या पत्राला रुमालात गुंडाळणार! ती हात चोळत बसून राहिली.

दीड वाजता ती पॅन्ट्रीत गेली तर खिडकीजवळचं टेबल रिकामं होतं. मधल्या, सगळ्यांत मोठ्या टेबलाशी तेजस बसला होता. पुढे स्टीलचा तीन पुडांचा डबा होता. त्याने झाकण काढलं, पूर्ण काढलं, आणि खाडीच्या चिखलातल्या निवट्यांच्या, त्या लहानग्या माशांच्या, कालवणाचा घमघमाट त्या पॅन्ट्रीत पसरला. चाळीस माना वळल्या.

"ये गो, जेवाला!" तो सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला. "आयनी निवट्यांचा कालवन केलंय!"

हेतल दारातच थांबली. कोणीतरी फिस्सकन हसलं. तेजसने मान खाली घातली नाही. तो हसणाऱ्याकडे बघत राहिला, अगदी सरळ, हसणं विझेपर्यंत.

तेवढ्यात सोनल मॅडम आल्या. हातात पत्र होतं.

"तेजस, याच्यावर तुझा नंबर आहे. चुकून पडला का?"

"नाही मॅडम. वाचून टाकलाय."

"एकही शब्द बदलला नाहीस?"

"एकही शब्द चुकीचा नव्हता."

"सोमवारी टीम लीडचं नाव ठरतंय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुझं पहिलं आहे. तुला माहीत आहे ना?"

"माहीत आहे." तो उठला. "चूक दुसरीकडे झालीय. तिथला नंबर मी मागे घेतो."

तो भिंतीपाशी गेला. खिशातलं पेन काढलं आणि नोटिशीच्या उजव्या कोपऱ्यातल्या त्या मुंगीएवढ्या नंबरावर एक ठसठशीत काट मारली. मग खाली लिहिलं, 'शब्द चुकीचा. तेजस म्हात्रे.' पूर्ण नाव. एमनंतरचं सगळं.

सोनल मॅडम नोटिशीकडे बघत राहिल्या. नंबराशिवाय कागद भिंतीवर राहत नाही, आणि नंबर असलेल्या पत्राच्या शब्दाला कोणी हात लावत नाही. दोन्ही नियम कंपनीचेच होते. आणि नोटीसच नाही म्हटल्यावर माफी तरी कशाची मागायची? त्यांनी एक सुस्कारा सोडला, चारही पिना एकेक करून काढल्या आणि कागदाची घडी घातली.

"मी शाकाहारी आहे," त्या जाता जाता म्हणाल्या. "मी आपली त्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसत जाईन. पर्मनंटचं लेटर चारनंतर घेऊन जा, हेतल."

हेतल तेजससमोर येऊन बसली. तिने निवट्यांचं कालवण भाकरीवर घेतलं, खाल्लं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तिखट परलंय का?" त्याने घाबरून विचारलं.

"नाही रे, गाढवा," ती म्हणाली.

सोमवारी टीम लीड झाला वरद. तेजसला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्या आठवड्यात तो रोज आयचा डबा स्वतःच खात होता आणि वॉचमनने तक्रार केली होती.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी तो नेरूळच्या मार्केटात आला. इस्त्रीचा शर्ट होताच. हेतल आईजवळ बसून हिशेबाऐवजी त्याचीच वाट बघत होती, पण तसं तिने दाखवलं नाही.

"काय देऊ?" काशीने विचारलं आणि सवयीने एका बोयचा कल्ला अंगठ्याने उघडला. "बग, लालभडक हाय. सकालचीच."

"मावशी, मासली मग घेतो." तेजस त्या ओल्या फरशीवर, इस्त्रीची पँट सांभाळायचं विसरून, उकिडवा बसला. "आधी माजा कल्ला बगा. मी कमळाकर म्हात्र्यांचा पोरगा, सानपाड्याचा. त्या कागदावर नंबर माजा व्हता. तुमच्या रांधन्याला मी वायट शब्द लावला. चुकलो."

काशीने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग लेकीकडे पाहिलं. मग त्या दिवशी मांडीखाली लपवलेला तोच हात तिने, खवल्यांसकट, त्याच्या गालाला लावला.

"वास येल हा," ती म्हणाली.

"येव दे," तो म्हणाला. त्याने गाल पुसला नाही.

मग तो हेतलकडे वळला, आणि इतका वेळ धडाधड बोलणाऱ्या माणसाची जीभ एकदम अडखळली.

"मी... म्हणजे बघ, इंग्रजीत खूप शब्द आहेत. लाइक आहे. फॉन्ड आहे. त्याच्या वर..."

"घडी घालू नकोस," हेतल म्हणाली. "सरळ बोल."

त्याने श्वास घेतला.

"मना तू आवरतंस. जाम." आणि मग, अगदी हळू, "चान्स हाय का?"

हेतलने त्याला पुरतं अर्धं मिनिट ताटकळत ठेवलं. पुतळाबाईचा कोयता थांबला, काशीचा थांबला, गिऱ्हाईकही थांबलं.

"स्लिम नाही," ती म्हणाली. "फॅटपण नाही."

"मग?"

तिने मासळीचा ओला हात पुढे केला. आईला उठताना देते तसा, घट्ट धरायला.

"हाय," ती म्हणाली.